फुटबॉलच्या मिडफिल्डमधून (मैदानाच्या मधल्या फळीतून) कोचिंगला येणाऱ्या खान्देशातल्या पोरांसाठी

गुडघा कुरकुरायला लागला, खेळावर नोकरी लागली नाही आणि मैदानही सुटत नाही, अशा वेळी पोरं विचारतात, "सर, कोचिंगला उतरू का?" उतरा. मिडफिल्डला खेळलेल्यांनी तर उतराच. पुढचे आणि मागचे, दोघांच्या अडचणी आपण रोज निस्तरल्यात. खालिद जमीलही मिडफिल्डरच. 2016-17 ला त्यांनी मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि 2025 मध्ये ते भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पण त्याआधी कितीतरी हंगाम ते मुंबई एफसी या क्लबला खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्यापासून वाचवत होते, हे कोणी सांगत नाही.

आता मी जिथे अडकलो ते नीट वाचा. आपल्याकडे जो तो विचारतो, "एनआयएस झालंय का?" एनआयएस म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, तिथे कोच घडवतात. तिचा एक डिप्लोमा आहे, साधारण वर्षभराचा. आणि एक सर्टिफिकेट कोर्स आहे, सहा आठवड्यांचा. दोन्ही करणारे गावात येऊन "एनआयएस केलं" एवढंच सांगतात. मला एका सीनियरने सांगितलं, "सहा आठवड्यांचं कर, तेच ते." उसने पैसे घेऊन केलं. पुढे सरकारी क्रीडा मार्गदर्शकाच्या, म्हणजे कोचच्या जागेची जाहिरात निघाली, फाईल घेऊन गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी प्रमाणपत्रावर बोट ठेवलं, मग जाहिरातीतल्या 'डिप्लोमा' या शब्दावर ठेवलं, आणि फाईल परत सरकवली. कोर्स चांगलाच होता, शिकवणारे जीव तोडून शिकवत होते. पण त्या जागेसाठी तो चालत नव्हता, बस.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. आधी कुठे काम करायचंय ते ठरवा, मग फी भरा. अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचंय? बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, आधीच्या पदवीनंतर दोन वर्षं. तिथे तुमचं फुटबॉलचं लायसन्स बीपीएडची जागा घेत नाही. क्लब किंवा अकादमीत जायचंय? मग एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी हे कोचिंगचं लायसन्स, त्यावर एएफसीचं (आशियाई महासंघाचं) सी, बी, ए आणि प्रो. तिथे बीपीएडने काम भागत नाही. सरकारी मार्गदर्शकाची जागा हवी असेल तर जुनी जाहिरात मिळवा आणि पात्रतेचा रकाना शब्द न् शब्द वाचा. सीनियरला विचारूच नका असं नाही, पण त्याने स्वतः कोणता कागद दाखवून नोकरी मिळवली ते विचारा. "लायसन्स म्हणजे नुसता कागद, खेळ यायला पाहिजे" असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. असं म्हणणाऱ्यांपैकी नवख्या पोराचं भलं केलेला एकही माणूस मला तरी भेटला नाही.

डी लायसन्सची भीती वाटत असेल तर ती सोडा. तिथे तुमच्या पायातली जादू कोणी बघत नाही. मुलांचं सराव-सेशन घेऊन दाखवायचं असतं: मुलं किती वेळ रांगेत नुसती उभी आहेत, तुम्ही खेळ कधी थांबवता, थांबवून किती बोलता. थोडं बोलायची सवय आत्तापासून लावा. मिडफिल्डरला बाहेरून प्रत्येक पास दिसतो, त्यामुळे तोंड बंद ठेवणं आपल्याला जड जातं.

मिडफिल्डरकडे द्यायला एक फार मोठी गोष्ट असते, बॉल पायात यायच्या आधी मागे बघणं. मी मुलाच्या पाठीमागे उभा राहून बोटं वर करतो. समोरून पास निघाला की त्याने मान वळवून आकडा ओरडायचा आणि मग बॉल घ्यायचा. पहिले काही दिवस बॉल पायाखालून जातो. जाऊ द्या. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचाच बॉल द्या. मोठ्यांचा पाच नंबर "पुढे कामाला येईल" म्हणून विकत घेणाऱ्या पालकांना समजावून सांगा.

पालकही सांभाळावे लागतात. अमळनेरकडचे एक काका दर रविवारी विचारायचे, "सर, मना पोऱ्या गोल कव्हय करी?" पोरगा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. त्यांना शेजारी बसवून सांगितलं, काका, आज गोलकडे बघू नका, समोरच्यांचा बॉल कोण हिसकावतं ते मोजा. हाफटाइमला तेच बोटं मोजून मला सांगत होते.

आपल्या भागाचं वेळापत्रक पुण्या-मुंबईवरून उचलू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा सकाळी सहालाच सुरू करा आणि ऊन चढायच्या आत आटपा. पावसात काळी माती बुटांना किलोकिलोने चिकटते. त्या दिवसांत लांब पास विसरा, शाळेच्या फरशीवर किंवा शेडमध्ये पहिला टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, घोटवून घ्या. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला निम्मी मुलं गायब होतात. त्यांना संघातून काढू नका, वेचणी संपली की ती येतात. आणि प्रत्येक सेशनची तारीख, वय, काय घेतलं, काय फसलं, हे एका वहीत लिहीत जा. डीनंतर पुढच्या लायसन्सला प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव विचारतात, तेव्हा ती वही पुढे करता येते.