सोलापुरात एक दिवस हातात असेल तर

दिवस थंडीत काढा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी फिरणं नकोसं होतं. सकाळी लवकर सिद्धेश्वर तलावाकाठी जा. मंदिर पाण्यातच आहे, शेजारी भुईकोट किल्ला. दोन्ही पायीच बघा. मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. तेव्हा खोली आधीच ठरवलेली बरी.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरडा चुकवूच नका. ज्वारीचा दाणा दुधाळ असतानाच कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजतात. गरम असतानाच हातावर चोळलं की दाणे सुटतात. निवल्यावर ते घट्ट होतात आणि चवही उतरते. म्हणून ताट भरायची वाट पाहू नका, मूठभर मिळाला की लगेच खा. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. भूक राखूनच शेतावर जा.

घरी न्यायला शेंगाचटणी घ्यायची तर उखळात कुटलेली मागा. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, म्हणून चिमटीत दाबल्यावर तिचा गोळा व्हायला हवा. कोरडी, भुरभुरीत चटणी बहुधा मिक्सरमधली असते. डबा घट्ट लावा, ओला चमचा घालू नका. दाण्याच्या तेलाला लवकर खवट वास येतो. कडक भाकरी मात्र पिशवीत कोंबली की चुरा होतो. ती ताटलीसारख्या सपाट डब्यात, कपड्यांच्या मधोमध ठेवा. खाताना आमटीत किंवा दुधात कुस्करायची.

सोलापुरी चादर उलगडून दोन्ही बाजू बघा. विणलेली नक्षी मागेही उलट्या रंगात दिसते, छापलेली फिकी पडते. पहिली धुलाई थंड पाण्यात, वेगळी.