आधी खुर्ची मोजा, मग वायर घ्या

दिवाळीत पुण्याहून भाच्याचा फोन आला. नवे टॉवर स्पीकर घरी येऊन पडले होते, अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) अजून ठरायचा होता आणि दुकानात दाखवलेल्या केबलची किंमत ऐकून त्याची झोप उडाली होती. "मावशी, वायर कुठली घेऊ?" मी म्हटलं, "वायरचं नंतर बघू. तुझी बसायची खुर्ची स्पीकरपासून किती लांब आहे ते सांग." तो टेप शोधून आला. सव्वाआठ फूट, म्हणजे अडीच मीटर.

मी रत्नागिरीत आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि घरी रोज संध्याकाळी तासभर गाणं ऐकते. महागडे स्पीकर घेतलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा केबलचा प्रश्न घेऊनच येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: खोली आणि खुर्ची, मग स्पीकरचे आकडे, मग अ‍ॅम्प आणि सगळ्यात शेवटी वायर. पैसेही याच क्रमाने खर्च करावेत.

माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. पहिला सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. दुसरा ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो (इम्पिडन्स) तो; हा सुरागणिक बदलतो. तिथे 'नॉमिनल' आकड्यावर थांबू नका, सगळ्यात खाली किती उतरतो ते बघा. पाटीवर ८ ओहम लिहिलेला स्पीकर खर्जात ३ ओहमपर्यंत उतरलेला मी स्वतः मोजला आहे. आणखी एक गोम आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर १ वॉट, पण ४ ओहमवर तेच २ वॉट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी कागदावर ३ डेसिबलने जास्त दिसते.

भाच्याचे स्पीकर ८७ डेसिबलचे, ४ ओहमचे, खाली ३ ओहमपर्यंत जाणारे. अडीच मीटरवर साधारण ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. म्हणजे २.८३ व्होल्टला खुर्चीत ८२. आपण ख्याल ऐकतो तेव्हा सरासरी आवाज ७५-८० असला तरी तबल्याची एखादी थाप त्याच्या १५-२० डेसिबल वर उडी मारते. ती कापली जाऊ नये म्हणून १०० धरा. ८२ पासून १०० म्हणजे १८ डेसिबल, म्हणजे आठपट व्होल्टेज: साडेबावीस व्होल्ट. अ‍ॅम्पच्या भाषेत ८ ओहमला ६३ वॉट. पण हेच साडेबावीस व्होल्ट ३ ओहमवर पडले की साडेसात अँपिअर करंट ओढला जातो. खरी परीक्षा इथे होते. म्हणून अ‍ॅम्प घेताना ८ ओहमचे वॉट बघून झाले की लगेच ४ ओहमचे बघा. ८ ला ६० आणि ४ ला शंभराच्या वर देणारा अ‍ॅम्प घ्या. ८ ला १०० देऊन ४ चा आकडाच न छापणारा मी या स्पीकरना लावणार नाही. खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात, त्यामुळे हा हिशेब सुरक्षित बाजूचाच आहे.

आता सेन्सिटिव्हिटीने काय फरक पडतो बघा. त्याच खुर्चीत ९३ डेसिबलच्या स्पीकरला १६ वॉट पुरतात, ८३ च्या स्पीकरला १६० लागतात. दहापट! कमी पडणारा अ‍ॅम्प ताणून वाजवला की आवाजाची शिखरं सपाट कापली जातात आणि त्यात बळी जातो तो उंच सूर वाजवणाऱ्या ट्वीटरचा.

हा झाला कागदावरचा हिशेब. खरी गरज मोजायची रीत याहून सोपी आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करावी. कुणाचा तरी अ‍ॅम्प दोन दिवस मागून आणा. आपल्याला सोसेल तितक्या मोठ्या आवाजात आवडतं गाणं लावा आणि व्हॉल्यूमची कळ तिथेच ठेवा. गाणं बंद करा, स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पपासून सोडवा, आणि उणे १२ डेसिबलवर (डिजिटल फाइलच्या कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) तयार केलेला १२० हर्ट्‌झचा सूर वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या लाल-काळ्या टर्मिनलवर लावा. जो आकडा येईल त्याची चौपट म्हणजे तुम्हाला लागणारं जास्तीत जास्त व्होल्टेज. भाच्याकडे २.६ आले. चौपट १०.४, म्हणजे ८ ओहमच्या हिशेबाने साडेतेरा वॉट. तो २०० वॉटचा अ‍ॅम्प बघत होता, ८० वॉटचा पण ४ ओहमला नीट उभा राहणारा घेतला आणि खूश आहे. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पवर मात्र हा प्रयोग तारा काढून कधीही करू नका. लोड नसताना सिग्नल दिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर सांगते, मला तो आवाज आवडतो. पण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १-२ ओहम असू शकतो, त्यामुळे ३ ते २० ओहम हिंदकळणाऱ्या स्पीकरचा सूर तो बदलून टाकतो. ज्याचे ओहम जास्त आहेत आणि फार वरखाली होत नाहीत, असाच स्पीकर त्याला द्या. बीबीसीने १९७० च्या दशकात ओबी व्हॅनसाठी (स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीसाठी) बनवलेला एलएस ३/५ए हा स्पीकर मुळात १५ ओहमचा होता, त्याची व्हॉल्व्हशी जोडी जमली ती यामुळेही. क्लास डी (करंट झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) अ‍ॅम्पबद्दल मनात अढी ठेवू नका, आताचे चांगले आहेत. आणि कुठलाही अ‍ॅम्प टीव्हीच्या बंद कपाटात कोंडू नका, डोक्यावर वीतभर जागा हवी.

आता वायर. तांब्याच्या अडीच एमएम (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरला मीटरमागे साधारण ७ ते ८ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. अ‍ॅम्पपासून स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.०८ ओहमच्या आत. ३ ओहमच्या स्पीकरवरही त्याने पाव डेसिबलपेक्षा कमी फरक पडतो. हीच वायर पाऊण एमएमची घेतली तर पाव ओहम होतो आणि स्पीकरचे ओहम जिथे खाली उतरतात तिथला आवाज अर्ध्या डेसिबलहून जास्त दबतो. तो ऐकू येऊ शकतो. म्हणून ५ मीटरपर्यंत अडीच एमएम आणि त्यापुढे चार एमएम. आयएसआय मार्कची मल्टिस्ट्रँड फ्लेक्झिबल वायर, घराच्या वायरिंगला वापरतात तीच. लाल आणि काळी वायर एकत्र धरून टोकं ड्रिल मशीनच्या चकमध्ये अडकवा, दुसरं टोक कुणाला तरी धरायला सांगा आणि हळू फिरवा. सुबक पीळ बसतो, इंडक्टन्स (करंटच्या चढउताराला वायरचा होणारा विरोध) कमी होतो. वेणीसारख्या विणलेल्या महाग केबलचा कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये विजेचा भार साठण्याचा गुण) जास्त असतो आणि काही अ‍ॅम्प त्याने अस्थिर होतात, त्यापेक्षा हे बरं.

एकदा मी स्वतः फसले आहे. मुंबईत एका दुकानातून 'शुद्ध तांबं' म्हणून जाड, पारदर्शक केबल आणली. हातात घेतली तर जाडीच्या मानाने हलकी लागली. घरी येऊन एका धाग्यावर ब्लेड ओढलं, तर वर तांबूस कातडी आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. तेव्हापासून दुकानातच एक धागा खरवडून बघते. तुम्हीही बघा, दुकानदाराला राग आला तरी चालेल.

टोकं सेंटिमीटरभरच सोला. सगळे धागे घट्ट पिळा, एकही केसासारखा बाहेर राहता कामा नये. तो शेजारच्या टर्मिनलला टेकला की अ‍ॅम्प गेला. वायरच्या टोकांना बसवायचे बनाना प्लग लावलेत तर ही धास्ती मिटते. मग अ‍ॅम्पकडची टोकं मोकळी असताना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, लाल वायर सेलच्या टोपीला. खर्ज वाजवणाऱ्या दोन्ही वूफरचे पडदे बाहेरच्या बाजूला उडाले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर कुठेतरी लाल-काळं उलटं झालंय. असं असताना खर्ज पोकळ होतो, आणि लोक दोष केबलला देतात.

दोन अ‍ॅम्पची तुलना करायची असेल तर मल्टिमीटरने दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेज साधारण एक टक्क्याच्या आत, जुळवा. अदलाबदल दुसऱ्याने करावी आणि तुम्ही डोळे मिटून तानपुऱ्याची जवारी ऐकावी. आवाजात इतकासा फरक राहिला तरी मोठा वाजणारा अ‍ॅम्प चांगला वाटतो.

कोकणात राहणाऱ्यांसाठी एक काम जास्तीचं. आमच्याकडे पावसाळा संपेपर्यंत उघड्या तांब्यावर काळपट-हिरवा थर चढलेला असतो. म्हणून वायर घेताना दोन्ही टोकांना वीतभर जास्त ठेवा. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी पक्कड, कटर बाहेर निघतातच, त्याच दिवशी जुनी टोकं इंचभर कापून नवी सोलते आणि टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळते.