आराम करूनही थकवा जात नाही? या चुका टाळा

संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर अंग टाकलं, तासभर फोन पाहिला आणि उठताना डोकं आधीपेक्षा जड झालं, ही तक्रार पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यावर बहुतेकांचं निदान ठरलेलं: वेळच मिळत नाही. मला ते पटत नाही. तासभर तर मिळालाच होता की! बिघाड बहुधा दोन जागी असतो. त्या तासाला शेवट नसतो, आणि तो तास तुमचा आहे हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नसतं. पुढच्या बहुतेक चुका याच दोन जागांपाशी येऊन थांबतात.

चूक: ‘जरा पडतो’ म्हणत रील्स उघडणे

पेपरचं शेवटचं पान येतं, मालिकेचा भाग संपतो. रील्स संपत नाहीत, कारण त्या संपू नयेत अशीच त्यांची रचना आहे. बोटाने सरकवत राहिलं की पुढचा मजकूर आपोआप येत राहतो, ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ मध्ये काढली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. शिवाय पंधरा सेकंदांत अपघात, पुढच्या पंधरात मिसळ, मग राजकारण्यांची भांडणं, मग कोणाचं तरी डोहाळजेवण. शरीर पडलेलं असतं, मन मात्र दर वेळी नव्याने दचकतं किंवा हसतं. याला आराम कसं म्हणायचं?

उपाय म्हणून फोन फेकून द्यायला नको. ज्याला शेवट आहे असं काहीतरी निवडा. भीमसेन जोशींचा अर्ध्या तासाचा राग फोनवर लावून फोन पालथा ठेवला, तर तोही उत्तम आराम आहे. शब्दकोडं, एक प्रकरण, पावशेर मटार सोलणं, काहीही चालेल. व्हिडिओच पाहायचा असेल तर यूट्यूब आणि नेटफ्लिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. पुढचा भाग आपोआप सुरू झाला नाही की उठायचं की नाही हे निदान तुम्ही ठरवता.

चूक: सगळं एका झटक्यात बंद करणे

हे शूर लोकांचं औषध. रविवारी सकाळी फोन स्विच ऑफ, कपाटात. अकरा वाजेपर्यंत बरं वाटतं, मग साताऱ्याला राहणारी आई आठवते. तिला काही झालं तर? साडेअकराला फोन चालू, आणि साचलेले मेसेज एकदम अंगावर. दोन रविवार असं झालं की माणूस नाद सोडून देतो.

खरी भीती एकच असते, की तातडीचा फोन चुकेल. तेवढ्यापुरती वाट मोकळी ठेवता येते. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यात स्टार लावलेल्या नंबरांना परवानगी द्या. ज्यांचा फोन रात्री दोनलाही घ्याल, तेवढ्यांनाच स्टार. (सोसायटीच्या सेक्रेटरीला नको.) त्याच ठिकाणी ‘रिपीट कॉलर्स’ हा पर्याय आहे. एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. आयफोनमध्ये हीच सोय ‘फोकस’खाली मिळते, फक्त तिथे मुदत तीन मिनिटांची आहे. आईला एवढंच सांगायचं: ‘महत्त्वाचं असलं की लागोपाठ दोनदा लाव.’ तिला ते लगेच समजतं, सेटिंग शोधायला वेळ लागतो तो आपल्याला.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपना आठ तासांसाठी म्यूट करणं म्हणजे रोजची नवी कटकट. तिथे ‘कायम’ असाही पर्याय आहे, तो वापरा. टँकर कधी येणार आणि कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली यावर जुंपणारे ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. तुमचं नाव घेऊन कोणी बोललं नाही तर तिथून आवाज येत नाही. ग्रुप सोडला तर मात्र चौकशी होते, गैरसमज होतात, जिन्यात प्रश्न येतात. अर्काइव्ह केलेलं कोणाला कळत नाही.

चूक: कोणालाच न सांगणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण मनातल्या मनात ठरवतो, आठ ते नऊ फोन नाही. आठ दहाला ऑफिसातून मेसेज येतो, साडेआठला मावसभाऊ विचारतो, ‘अरे, ब्लू टिक का नाही?’ त्यांचा काय दोष? त्यांना माहीतच नाही.

पुण्यातल्या दुकानांच्या ‘१ ते ४ बंद’ या पाटीवर महाराष्ट्राने भरपूर हसून घेतलं. पण त्या पाटीमुळे दुकानदाराला दुपारी वामकुक्षीसाठी मनाशी झगडावं लागत नव्हतं. गिऱ्हाईकच चारनंतर येत होतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हेच अख्ख्या गावाला लावलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, साडेआठला पुन्हा वाजतो. त्या दीड तासात एकट्याच्या निग्रहाचा प्रश्न उरत नाही, कारण शेजाऱ्याचाही फोन बंदच असतो.

सोसायटीत भोंगा लावायला गेलात तर त्यावरही सर्वसाधारण सभा होईल. पण घरात एक वेळ ठरवून सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवता येतात, आणि ‘सगळ्यांचे’ यात वडीलधारेही आले. मुलाला ‘फोन ठेव’ म्हणत स्वतः शेअर बाजार पाहणाऱ्या बाबांच्या घरात ही टोपली टिकत नाही. बाहेरच्यांसाठी स्टेटसवर साधी ओळ पुरते: ‘रात्री ८ ते ९ फोनपासून लांब. तातडीचं असल्यास दोनदा फोन करा.’

ऑफिसचं प्रकरण अवघड, हे मान्य. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर टीमशीच बोलावं लागेल. ‘मला त्रास होतो’ म्हणण्यापेक्षा ‘आठ ते नऊ मी नाही, नऊला पाहतो’ असं नेमकं सांगितलं तर मॅनेजरलाही ते झेपतं.

चूक: रविवारवर सगळा भार टाकणे

पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांच्या रांगेत बसून कोणाचा शीण गेलेला मी पाहिला नाही. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही चांगलंच असतं, पण ती सहल झाली. विश्रांती मंगळवारीही लागते. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, वेताळ टेकडी, यांपैकी जे घराजवळ असेल तिथे पाऊण तास पुरे. टेकडीवर रेंज असते, त्यामुळे स्पीकर लावून मीटिंग करत चढणारेही भेटतात. त्यांना पुढे जाऊ द्या.

स्मार्ट घड्याळात पावलं, हृदयाचे ठोके आणि झोपेचे गुण मोजत बसणं ही याचीच धाकटी बहीण. आरामाचाही निकाल लागू लागला की नापास होण्याची धास्ती आलीच.

चूक: झोपेतून वेळ कापणे

हिंजवडीहून साडेआठला घरी, नऊला अमेरिकेचा कॉल, जेवायला साडेदहा. मग ‘आता कुठे माझा वेळ’ म्हणत एक वाजेपर्यंत जागरण. काही कारण नसताना ठरल्यापेक्षा उशिरा झोपण्याच्या या सवयीवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अभ्यासही प्रसिद्ध केला आहे. अशांना ‘लवकर झोपा’ सांगून उपयोग नाही. दिवसभरात स्वतःचं काहीच मिळालं नसेल तर रात्र हातची सोडवत नाही. म्हणून घरी आल्यावर आणि कॉलच्या आधी वीस मिनिटं मागून घ्या, गॅलरीत नुसतं बसायला. ती मिळाली की रात्रीचा हट्ट सैल होतो.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. ‘पण गजर त्यातच आहे’ ही सबब तुळशीबागेत मिळणाऱ्या साध्या गजराच्या घड्याळाने मिटते.

एवढं करूनही करमत नसेल तर

पहिली दहा मिनिटं चुळबूळ होते, हात उगाच खिशाकडे जातो, नसलेला फोन व्हायब्रेट झाल्यासारखा वाटतो. याला बिघाड समजू नका. हाताला काम द्या: भाजी निवडा, कुंड्यांमधली माती उकरा, इस्त्री करा. दोन-तीन आठवड्यांनीही जीव लागत नसेल तर निवडलेली गोष्ट बदलून पाहा. सगळ्यांना ध्यानाला बसणं जमत नाही, काहींना कॅरमच लागतो.

आणि नोकरीच ऑन-कॉलची असेल, डॉक्टर किंवा सर्व्हर सांभाळणारे असाल, तर ड्यूटीच्या रात्री यातलं काही करू नका. अर्धा कान फोनकडे ठेवून केलेल्या आरामाने चिडचिड वाढते. ड्यूटी नसलेले दिवस आधी कॅलेंडरवर खुणा करून घरच्यांना दाखवा, आणि टोपली त्या दिवशी काढा.