परदेशातून वाद्य मागवताय? या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की गोवाभरातून फोन सुरू होतात. फोंड्याहून, डिचोलीहून, कधी पेडण्याहून. "दादा, कीबोर्ड मागवलाय, कुरिअरवाले म्हणतात कस्टम्समध्ये अडकलाय. आता काय करू?" तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. जे करायचं ते ऑर्डर देण्याआधी, आणि नेमकं तेच राहून जातं. आपल्याकडे भजनी मंडळांत, नाटकाच्या साथीला, ऑर्केस्ट्रात वाजवणारी गुणी मुलं गावोगाव आहेत. त्यांनी साठवलेले पैसे निव्वळ कागदपत्रांच्या हेळसांडीत गेलेले पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

वेबसाइटवरची किंमत बघून ऑर्डर देणे

ही सगळ्यात मोठी चूक. "इथे ८५ हजारांना मिळते ती गिटार तिथे ६० हजारांना आहे" एवढ्यावर निर्णय होतो. शुल्क नुसत्या वाद्याच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून त्यावर लागतं.

वहीत मांडून बघा. गिटार ६०,००० रुपये, विमानाने पाठवणी ९,०००. विम्याचा आकडा बिलात नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे ६७५. झाले ६९,६७५. कस्टम्सच्या दरपत्रकात वाद्यांचं प्रकरण ९२ वं. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर ६,९६८ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ६९७. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १३,९२१. एकूण शुल्क साधारण २१,५८५ आणि गिटार घरी पडते ९१,२६० रुपयांना. शिवाय तुमच्या वतीने शुल्क भरल्याबद्दल कुरिअर कंपनी स्वतःचा आकार लावते, त्यावर पुन्हा जीएसटी, आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क वेगळंच. स्वस्त गिटार कुठे गेली?

यात आणखी तीन गोष्टी बघायच्या. बिलावर वाहतूक खर्च दाखवलेला नसेल तर कस्टम्स तो किमतीच्या २० टक्के धरतं. म्हणजे वरच्या उदाहरणात ९,००० ऐवजी १२,०००. म्हणून वाहतूक बिलात वेगळी दाखवायला मी विक्रेत्याला ऑर्डरीआधीच ईमेल करतो. दुसरं, डॉलर-युरोचा दर मोबाइलवर दिसतो तो धरत नाहीत, कस्टम्सने अधिसूचित केलेला धरतात. तिसरं तुमच्या फायद्याचं आहे. युरोपातल्या दुकानांच्या किमतीत तिथला व्हॅट असतो, जर्मनीत तो १९ टक्के आहे. पाठवायचा देश भारत निवडला की बरीच मोठी दुकानं तो वजा करून दाखवतात. तुलना करायची तर त्यानंतरच्या आकड्याशी करा.

दर कायमचे नसतात. वैयक्तिक वापराच्या पार्सलांसाठी दरपत्रकात ९८०४ हे वेगळं शीर्षक, म्हणजे वेगळा कोड, आहे. तिथे एके काळी ३५ टक्के मूळ शुल्क, त्यावर अधिभार आणि वर २८ टक्के आयजीएसटी मिळून ७७.२८ टक्के होत होते. नंतर ते बरेच खाली आले. तेव्हा चार वर्षांपूर्वी मित्राने किती भरले ते विचारू नका. अर्थसंकल्पानंतरचे चालू दर आइसगेट या सरकारी पोर्टलवर बघा. मी एकूण आकड्यावर आणखी दहा टक्के बाजूला ठेवतो. तेवढे ठेवायची ऐपत नसेल तर थांबावं, पुढच्या मोसमात घ्यावं.

बिलावर कमी किंमत किंवा "गिफ्ट" लिहायला सांगणे

हा सल्ला कोण देतं कोण जाणे, पण प्रत्येक नवख्या मुलाच्या कानावर तो आधी पोचतो.

भेटवस्तूला शुल्क नाही ही समजूत जुनी आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून शुल्कमाफीत काही येत नाही. आज "गिफ्ट" लिहिलेल्या खोक्याने फक्त अधिकाऱ्याची नजर वेधली जाते.

म्हापशाकडचा एक मुलगा बास गिटार उत्तम वाजवतो. त्याने अमेरिकेतल्या एका छोट्या विक्रेत्याकडून हजारावर डॉलरची नवी बास घेतली आणि बिल दीडशेचं करायला लावलं. मला त्याने हे पार्सल मुंबईत अडकल्यावर सांगितलं. अधिकाऱ्यांनी मॉडेलचं नाव शोधलं, किंमत समोर आली. मग पैसे भरल्याचा पुरावा मागितला. कार्डाच्या स्टेटमेंटवर खरा आकडा होता, तो दाखवला तर खोटं उघड आणि न दाखवावा तर माल सुटत नाही. जाहीर केलेल्या किमतीवर शंका आली तर ती नाकारायचा अधिकार त्यांना २००७ च्या मूल्यांकन नियमांनी दिलेला आहे, आणि खोट्या घोषणेचा माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली जप्त होऊ शकतो. त्याला पूर्ण किमतीवर शुल्क, वर दंड आणि गोदामाचं भाडं भरावं लागलं. ज्या कार्यक्रमांसाठी बास मागवली ते सगळे उसन्या वाद्यावर झाले.

खरा घाव पुढे होता. खोकं उघडलं तेव्हा बासची मान हेडस्टॉकपाशी तडकलेली. विम्याचा दावा केला, तर भरपाई कागदावरच्या किमतीपुरती, म्हणजे दीडशे डॉलर. आईने सोसायटीतून काढून दिलेले पैसे होते ते. त्या मुलाचा पडलेला चेहरा आठवला की आजही मला "थोडं कमी लिहून घे" म्हणणाऱ्यांचा राग येतो. शुल्क भरणं जड जातं हे मान्य, पण खरी किंमत लिहिलेलं बिल हीच तुमची एकमेव ढाल आहे. मी बिल, पैसे भरल्याची पावती आणि वस्तूच्या वेबपानाची प्रत एकत्र करून ऑर्डरीच्या दिवशीच ठेवून देतो. मागितलं की लगेच पाठवता येतं.

वर्णन मोघम ठेवणे

बिलावर नुसतं "म्युझिक इक्विपमेंट" असेल तर कुरिअरचा माणूस त्याला सुचेल त्या शीर्षकाखाली घालतो. साधी गिटार, व्हायोलिन ९२०२. ड्रम वगैरे तालवाद्यं ९२०६. डिजिटल कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार ९२०७. तारा आणि सुटे भाग ९२०९. माइक, स्पीकर, अँप्लिफायर मात्र ८५१८ खाली जातात, तिथले दर वेगळे. विक्रेत्याला कोड आणि नीट वर्णन लिहायला सांगा. चुकीचं वर्गीकरण झालंच तर ६० दिवसांत अपील करता येतं, त्यासाठी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्समधल्या आयातीच्या नोंदीची, प्रत हवी. कुरिअर ती आपणहून देईल याची वाट बघू नका, मागून घ्या.

केवायसीचा ईमेल न उघडणे

गोव्यात येणारं कुरिअर बहुतेक वेळा मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूत कस्टम्समधून सुटतं. तिथून तुमच्या ओळखपत्राची मागणी येते आणि ती स्पॅममध्ये पडून राहते. इकडे भाडं चढत जातं. बिलावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच ठेवा. "बाबू नाईक" या घरगुती नावाने ऑर्डर देऊ नका.

आणि उलटही सांगतो. "शुल्क भरा नाहीतर पार्सल जप्त" म्हणून यूपीआय क्रमांक पाठवणारा मेसेज खोटा समजा. कस्टम्सच्या पत्रव्यवहारावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

व्होल्टेज न बघणे

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. अडॅप्टरवर "१००–२४०" छापलेलं असेल तर फक्त पिन बदला. नसेल, विशेषतः व्हॉल्व्हचा अँप असेल, तर तो घेऊच नका. सभामंडपातल्या प्लगमध्ये घातला की संपला, आणि वॉरंटीत हे बसत नाही.

वायरलेस माइक हौसेने मागवणे

प्रत्येक देशाच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात आणि इथे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या मान्यतेचा प्रश्न येतो. इथल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

जुनं, "व्हिंटेज" वाद्य डोळे झाकून घेणे

घोरपड हा संरक्षित प्राणी, म्हणून तिच्या कातड्याचं घुमट हे तालवाद्य थांबलं, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. परदेशी वाद्यांच्या लाकडालाही तसेच नियम आहेत. शिसवीच्या सबंध डालबर्जिया प्रजातीवर २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सवलत मिळाली, पण ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि तिथेच राहिलं. जुन्या गिटारींत हे लाकूड आणि व्हायोलिनच्या जुन्या गजांत हस्तिदंत निघू शकतं. शिवाय वापरलेल्या मालाची आयात व्यापार धोरणात मुळातच निर्बंधित आहे. परवान्याची भाषा समजत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

आखातातल्या मामावर विसंबणे

प्रवाशाच्या सामानाला सवलत असते, पण तिला रकमेची मर्यादा आहे. मर्यादेवर गेलं की विमानतळ दाबोळीचा असो वा मोपाचा, लाल मार्गाने जाऊन सांगावं लागतं. बोटीवरच्या माणसाला मधल्या सुट्टीत मिळणारी सवलत तर किरकोळ भेटवस्तूंपुरती असते. आपल्या वाद्यापायी मामाला विमानतळावर उभं करू नका.

पहिलंच वाद्य बाहेरून घेणे

अजून सारेगम हाताला बसलेले नाहीत आणि जर्मनीहून कीबोर्ड हवा. हे मला पटत नाही. पणजी-मडगावच्या दुकानात जा, हाताळून बघा, इथली वॉरंटी घ्या. दोन-तीन वर्षं वाजवल्यावर आपल्याला नक्की काय हवं ते कळतं, आणि मगच बाहेरून मागवण्याला अर्थ येतो.

दुरुस्तीसाठी तसंच परत पाठवणे

वाद्य बिघडलं, विक्रेता म्हणाला "पाठवून द्या", आणि आपण साधं कुरिअर केलं. परत येताना त्यावर पुन्हा पूर्ण शुल्क लागतं, कारण ते दुरुस्तीला गेलं होतं याचा कागदच नसतो. रीतसर निर्यात दाखवून पाठवलं आणि ठरलेल्या मुदतीत परत आणलं तर शुल्क दुरुस्तीचा रास्त खर्च आणि दोन्ही बाजूंची वाहतूक, विमा यांच्यावरच बसतं. त्यासाठी जाताना अनुक्रमांक लिहिलेले कागद हवेत, आणि तेच वाद्य परत यायला हवं. विक्रेत्याने त्याऐवजी नवं पाठवलं तर क्रमांक जुळत नाही आणि सवलत मागता येत नाही. म्हणून मी वाद्य पाठवायच्या आधी विक्रेत्याला बिघाडाचा व्हिडिओ पाठवतो आणि सुटा भाग मागतो. कीबोर्डच्या कळांखालची रबराची पट्टी, पॉवर बोर्ड असले भाग बहुतेक दुकानं पाठवतात. त्यावरचं शुल्क थोडक्यात भागतं, आणि बसवून देणारे चांगले कारागीर आपल्याकडे आहेत.