जागतिक व्यापारावर कॉमेडी ॲनिमेशन करताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं मला व्हिडिओ पाठवतात, सर बघा ना कसं झालंय म्हणून. विषय भारी असतो, गरीब देशातल्या शेतकऱ्याचं जागतिक व्यापारात काय होतं हा, पण दहापैकी आठ व्हिडिओत त्याच त्या चुका. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरिबालाच जोकर करणं. ही मी स्वतः केलीये. आमचा पहिला व्हिडिओ कापसावर होता. २००१-०२ च्या हंगामात अमेरिकेने आपल्या साधारण २५ हजार कापूस उत्पादकांना ३०० कोटी डॉलरच्या वर अनुदान दिलं, जगात भाव पडले, आणि माली, बेनिन, बुर्किना फासो, चाड या चार देशांनी २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनच्या परिषदेत जागतिक व्यापार संघटनेसमोर हे अनुदान बंद करा म्हणून मागणी लावून धरली. एवढी जबरदस्त गोष्ट हातात असताना आम्ही मालीचा शेतकरी काढला काडीसारखा, डोळे बाहेर आलेले, गाठोडं घेऊन धडपडणारा, वर टुंईंग असा आवाज. पारोळ्याकडच्या एका गावात देवळासमोर चादर बांधून दाखवला. पोरं लोळून हसली. मग मागून एक बाबा उठले, दोन वेचण्या होऊनही कापूस घरातच पडून होता त्यांचा, आणि म्हणाले, "हाऊ ते मीच शे रे भो, मनावर काब्र हसी ऱ्हायनात?" म्हणजे आमच्या अहिराणीत, हा तर मीच आहे रे भाऊ, माझ्यावर का हसताय?

पुढचे दोन महिने मी काहीच दाखवलं नाही.

मग सगळं पात्र नव्याने काढलं. शेतकरी सरळ उभा, साधा, हुशार, त्याच्यावर एकही जोक नाही. जोक गेला बाजारात. आठवडे बाजारात दोघं जण भरताची वांगी विकतायत, दोघांनाही किलोमागे २० रुपये खर्च आलाय. एक जण १२ ला विकतोय आणि तरी खुश, कारण दर थोड्या वेळाने त्याचा मामा येतो आणि खिशात १० ची नोट सरकवतो. गिऱ्हाईक दुसऱ्याला विचारतं, तुमची वांगी काय सोन्याची आहेत का? आणि मामा जाता जाता त्याला सल्ला देतो, "बाजार सगळ्यांना खुला आहे, स्पर्धा करा." इथे लोक हसतात, आणि हसता हसताच कोणीतरी म्हणतं अरे मामा म्हणजे सरकार! अनुदान हा शब्द आम्ही त्यानंतरच उच्चारतो. नोट सरकवायची तिसरी वेळ मुद्दाम हळू ठेवलीये, हात खिशाशी पूर्ण एक सेकंद थांबतो, म्हणजे २४ फ्रेम. तो सेकंद कापलात तर हशा जातो. नव्या पोरांना हाच सेकंद सहन होत नाही, एडिटला बसले की आधी तोच उडवतात.

दुसरी चूक, व्हिलन फक्त गोरा. असं करून टाळ्या मिळतात पण बघणाऱ्याला काही कळत नाही. जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, आणि आफ्रिकेतले कितीतरी गरीब देश आपल्याच तांदळावर जगतात. त्याच डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा भाव आपल्या शेतकऱ्याचा पडला आणि महाग कांदा बांगलादेशातल्या माणसाने खाल्ला. हे पण दाखवा. तसंच हैती या कॅरिबियन देशाचं, १९९५ मध्ये तिथे तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला, शहरातल्या बाईची पिशवी कमी पैशात भरली आणि तिकडे भात पिकवणारा बसला. तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या क्लिंटननी २०१० मध्ये स्वतः ही चूक होती असं कबूल केलं. मी ती पिशवी आणि ते शेत एकाच फ्रेममध्ये ठेवतो, वेगवेगळे सीन केले की लोक आपल्या सोयीची बाजू तेवढी लक्षात ठेवतात.

बाकीचं पटपट. गोल फिरणारी पृथ्वी आणि त्यावर बाण, हे नकोच. स्क्रीनवर आकडा एका वेळी एकच. तयार टेम्प्लेटमधली सुटाबुटातली पात्रं वापरू नका, आपल्याकडे जिनिंगवर, कापूस मोजायच्या काट्यापाशी, असं कोणी उभं नसतं. स्क्रिप्ट झाल्याशिवाय ब्लेंडर, म्हणजे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, उघडायचं नाही, मी तर आधी वहीत चौकोन पाडून सगळं काढतो आणि घरच्यांना बोट ठेवून वाचून दाखवतो, तिथे कोणी हसलं नाही तर ॲनिमेशन करून पण हसणार नाही. तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. आणि एआयचा आवाज अजिबात नको, अहिराणी त्याला जमत नाही आणि पुस्तकी मराठीत मामा मेलेला वाटतो.

आवाज शेवटी मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, पंखा फुल करून. मामाचं वाक्य त्यात कळलं नाही तर मी परत रेकॉर्ड करतो.