अपडेटनंतर ॲक्सिलरेटर आणि क्रूझ वेगळे वाटतायत? या चुका टाळा

गाडी सर्व्हिसिंगहून परत येते. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, अलाइनमेंट झाली, आणि जॉब कार्डच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: 'सॉफ्टवेअर अपडेट केले'. कुणी सांगत नाही, आपणही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच सिग्नलला पाय दाबावा तर गाडी क्षणभर ढिम्म, आणि मग एकदम झेपावते. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (पाय न लावता ठरवलेला वेग राखणारी सोय) ८० वर लावला तर चढावर काटा ७६ वर येतो, उतारावर ८४ वर जातो. गेल्या महिन्यात याच रस्त्यावर तो जागचा हलत नव्हता.

अशा वेळी मालक घाबरून नको ते उपाय करतो आणि सर्व्हिस सेंटर 'होईल सवय' म्हणून वाटेला लावतं. दोन्ही चूक. नेमकं काय बदललं ते शोधता येतं, आणि बऱ्याचदा घरीच.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंत, केबल होती. जेवढा पाय दाबाल तेवढी झडप उघडायची. आताच्या गाडीत केबल नसते. पेडल दाबणं म्हणजे ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) अर्ज करणं. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, अनेक गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो, आणि ईसीयू दोघांचा ताळा सतत जुळवून पाहतो. मग 'एवढा पाय, एवढा आरपीएम, म्हणजे एवढा टॉर्क (इंजिनाचा फिरवणारा जोर) हवा' असं एक कोष्टक पाहून थ्रॉटलची मोटर किती फिरवायची ते ठरतं. डिझेलमध्ये त्यावरून इंधन किती सोडायचं ते ठरतं. कोष्टकातले आकडे बदलले की एकही बोल्ट न हलवता गाडीचा स्वभाव बदलतो. क्रूझसुद्धा याच वाटेने जातो. राल्फ टीटर या दृष्टिहीन इंजिनिअरला ज्याचं पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि जो १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत आला, तो मूळ क्रूझ कंट्रोल यांत्रिक होता. आजचा म्हणजे ईसीयूतला एक हिशेब. वेग किती घसरला की किती जोर लावायचा, हे आकडेच ठरवतात.

कंपन्या हे आकडे का बदलतात? कधी धुरासाठी, कधी गिअरबॉक्स वाचवायला, पुष्कळदा झटका घालवायला. पाय सोडून पुन्हा दाबला की ड्राइव्ह शाफ्ट आणि इंजिन माउंटमधली ढिलाई एकदम ताणली जाते आणि 'टक्' असा धक्का बसतो. तो टाळायला टॉर्क क्षणभर हळू चढवतात. धक्क्याची तक्रार केलेल्या मालकाला ही सुधारणा वाटते, बाकीच्यांना 'पिकअप मेला' असं वाटतं.

पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सॉफ्टवेअर टाकताना नुसतं कोष्टक बदलत नाही; ईसीयूने वर्षानुवर्षं शिकलेल्या गोष्टी बहुतेक वेळा पुसल्या जातात. इंधनाच्या दुरुस्त्या, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) लागणारी हवा, ऑटोमॅटिक गाडीत क्लच कधी आणि किती दाबायचा याचे हिशेब, सगळं कोऱ्या पाटीपासून सुरू.

माझ्याच गाडीचं सांगतो. अपडेटनंतर सिग्नलला आरपीएमचा काटा ७०० वरून ११०० वर, पुन्हा ६०० वर असा झोके घ्यायचा, दोनदा इंजिन बंद पडलं. सर्व्हिस ॲडव्हायझर पेट्रोलला दोष देत होता, मी सॉफ्टवेअरला. शेवटी मी हट्टाने एअर इनटेकचा पाइप काढायला लावला. थ्रॉटलची गोल पातळ चकती जिथे नळीला टेकते, तिथे काजळीचं काळं कडं जमलं होतं, बोटाला चिकटेल असं. चकती जवळपास मिटलेली असते तेव्हा तिच्या कडेने जी थोडी हवा जाते, तिच्यावर आयडलिंग चालतं. काजळीने ती वाट अडवली होती, आणि ईसीयूने वर्षानुवर्षं चकती कणभर जास्त उघडी ठेवायला शिकून घेतलं होतं. अपडेटने ते शिकणं पुसलं. गाडी नव्या, स्वच्छ थ्रॉटलचा आकडा धरून चालू लागली, हवा कमी पडली, आरपीएम कोसळला, ईसीयूने घाईने चकती उघडली, आणि काटा वर उडाला. सॉफ्टवेअर बरोबर होतं. त्याने झाकलेली घाण उघडी पाडली.

थ्रॉटल बॉडी साफ केली, आयडल पुन्हा शिकवलं, आणि प्रश्न मिटला. साफ करताना चकती बोटाने ढकलून उघडू नका. आतल्या प्लास्टिकच्या गिअरला इजा होऊ शकते. आणि साफसफाईनंतर आयडल रिलर्न राहून गेलं तर उलटी तक्रार येते: वाट मोकळी, पण ईसीयू जुन्याच सवयीने जास्त उघडतो, आरपीएम चढाच राहतो आणि पी०५०७ हा दोषाचा कोड येतो. पी०५०६ म्हणजे याच्या उलट, आयडल हवं त्यापेक्षा खाली. रिलर्नची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, म्हणून दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ पाहून करू नका. तुमच्या मॉडेलची पद्धत सर्व्हिस सेंटरकडून घ्या. साधारणपणे काही थंड स्टार्ट आणि काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग झाल्याशिवाय मत बनवू नका.

गिअरबॉक्सचा दोष थ्रॉटलवर टाकू नका

ऑटोमॅटिक गाडीत हे फार होतं. साधी परीक्षा अशी: मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरा, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने चला आणि पाय हळूच दाबा. उशीर गायब झाला, तर पेडल ठीक आहे. बदललंय ते गिअर पडण्याचं वेळापत्रक. गिअर धरूनही उशीर तसाच राहिला, तर पेडलच्या कोष्टकाकडे बोट दाखवता येईल. झटका गिअर बदलतानाच बसत असेल, तर गिअरबॉक्सचं शिकणं पुसलं गेलंय आणि तेही परत येतं. ड्राइव्ह मोडही बघा. अपडेटनंतर गाडी कधीकधी इकोवर (इंधन वाचवणाऱ्या मोडवर) जाऊन बसलेली असते, आणि दोन आठवडे वैताग केल्यावर कुणीतरी ते बटण दाखवतं.

अपडेटनंतर झालं, म्हणजे त्याच्यामुळेच झालं असं नसतं

क्रूझ अजिबात लागतच नसेल, तर सॉफ्टवेअरच्या आधी ब्रेक स्विच तपासा. पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली हा छोटासा स्विच असतो. त्याचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळले नाहीत, तर ईसीयूला वाटतं चालकाचा पाय ब्रेकवर आहे, आणि तो क्रूझ नाकारतो. सर्व्हिसिंगमध्ये त्याच भागात हात जातात, त्यामुळे स्विच जरा सरकणं अगदी शक्य. संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि पेडल हलकेच दाबून सोडा. ब्रेक लाइट उशिरा लागतो का, सोडल्यावर लागलेलाच राहतो का, ते भिंतीवर लाल उजेडात स्पष्ट दिसतं. मॅन्युअल गाडीत क्लचच्या स्विचचीही हीच गोष्ट.

मॅटसुद्धा बघा, आणि हे मी गंभीरपणे सांगतोय. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून जगभर खळबळ उडाली, सगळ्यांचं बोट इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलकडे होतं. नासाच्या इंजिनिअरांनीही तपास केला. २०११ मध्ये अहवाल आला तेव्हा अशा धोकादायक वेगवाढीला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नव्हता. पेडलखाली अडकणारी मॅट आणि चिकटणारं पेडल ही समोर आलेली यांत्रिक कारणं होती. गाडी धुऊन मॅट पुन्हा टाकताना तिचा हुक लागला नाही, तर तुमच्याही पेडलचा प्रवास बदलतो.

क्रूझ तपासताना

वेग आणि जीपीएस यांत फरक दिसला की लोक अपडेटला धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्र. ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवायची सूट खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकी आहे. म्हणून काटा ८० वर आणि जीपीएस ७६ वर हे अपडेटच्या आधीही असणार. आपण पाहिलं नव्हतं इतकंच. बघायचं ते हे, की सपाट रस्त्यावर वारा नसताना क्रूझ एका आकड्यावर टिकतो की वरखाली डोलतो. चढउतारावर दोन-चार किमीची घसरण नव्या, इंधन वाचवणाऱ्या हिशेबाचा भाग असू शकते. सपाटीवर डोलणं मात्र तक्रारीचा विषय आहे.

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ असेल तर अंतराची पायरी पुन्हा लावा, ती मूळ ठिकाणी गेलेली असू शकते. बंपर उतरवला असेल किंवा पुढची काच बदलली असेल, तर रडार-कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालं का ते विचारा. पहिली चाचणी गर्दीत घेऊ नका. मोकळा, कोरडा रस्ता, आणि पाय ब्रेकच्या वर तयार.

बॅटरी काढून 'रीसेट', पेडल बूस्टर, रीमॅप

बॅटरीची तार काढून ठेवणं हा अनेकांचा रामबाण. बऱ्याच गाड्यांत आठवडाभरात गाडी जे शिकली ते पुन्हा पुसलं जातं, साठलेले कोड आणि दोष आला त्या क्षणाची नोंद जाते, शिवाय उत्सर्जन यंत्रणेच्या स्वयंचाचण्या अपूर्ण राहतात. जिथे धुराच्या तपासणीला ओबीडी (गाडीची स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा) वाचतात तिथे गाडी परत पाठवतात. अपडेटनंतरही असंच होतं, म्हणून लगेच तपासणीला जाऊ नका.

पेडल बूस्टरबद्दल माझं मत कडक आहे. ही डबी पेडल आणि वायरिंगच्या मध्ये बसते आणि तुमचा २० टक्के पाय ईसीयूला ४० टक्के सांगते. ताकद कणभर वाढत नाही, हळू चालवताना ताबा मात्र कमी होतो, आणि खऱ्या दोषावर पांघरूण पडतं. आधीच लावलेला असेल तर तक्रार नेण्यापूर्वी काढा.

आणि बाहेर रीमॅप केलेली, म्हणजे ताकदीसाठी ईसीयूचे आकडे बदलून घेतलेली, गाडी असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या अपडेटने तो बहुधा पुसलाच गेला. 'अपडेटने ताकद गेली' या तक्रारीमागे कधीकधी इतकंच असतं. सर्व्हिसला देतानाच सांगून ठेवा.

वाट कधी बघायची नाही

पाय काढल्यावरही आरपीएम चढत असेल, ताकद एकदम जाऊन गाडी रांगायला लागली असेल, किंवा पी२१३५, पी२१३८ असे सेन्सरचा ताळा न जुळण्याचे कोड आले असतील, तर 'शिकेल हळूहळू' म्हणत बसू नका, गाडी चालवणं थांबवा. चालत्या गाडीने आपोआप वेग घेतला तर ब्रेक एकदाच, घट्ट आणि सलग दाबा. पंप करू नका. थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी पुन्हा तयार होत नाही. लगेच न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी थांबल्यावरच इंजिन बंद करा.

तक्रार आकड्यांत करा

'गाडी पूर्वीसारखी नाही' यावर कुणी काही करू शकत नाही. 'दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी २० ला, गरम इंजिनावर, पाय सोडून पुन्हा दाबला की सुमारे एक सेकंद काही होत नाही' यावर करता येतं. ओबीडीचा साधा स्कॅनर आणि फोनवरचं ॲप असेल तर पेडलची स्थिती आणि थ्रॉटलला दिलेला हुकूम एकाच आलेखावर बघा. पाय पूर्ण काढल्यावरही पेडल दहा-पंधरा टक्के दाखवतं, ते अनेक गाड्यांत सामान्य आहे. तो आकडा पाय न लावता हलतोय का ते बघा. मग टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकला शेजारी बसवून तुम्ही स्वतः चालवा.

'जुनं सॉफ्टवेअर परत टाका' ही मागणी सहसा निष्फळ ठरते, कारण कंपनीची यंत्रणा बहुधा नवीनच आवृत्ती देते. त्याऐवजी अपडेट का केलं आणि कोणत्या सर्व्हिस बुलेटिनखाली (कंपनीने वर्कशॉपला दिलेल्या सूचनेखाली), ते विचारा. संयुक्त राष्ट्रांची नियमावली क्र. १५६ जिथे लागू आहे, तिथे हवेतून, म्हणजे वायरलेस, येणाऱ्या अपडेटआधी त्याचा उद्देश आणि होणारे बदल गाडीच्या वापरकर्त्याला सांगावे लागतात. वर्कशॉपमधल्या अपडेटलाही हीच माहिती मागण्यात संकोच कसला?

प्रत्येक सर्व्हिसिंगच्या आधी स्कॅनरवरून इंजिनाचा कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची खूण) आणि त्याच्याखालचा पडताळणी आकडा, म्हणजे सीव्हीएन, यांचा फोटो काढून ठेवा. गाडी परत आली की पुन्हा काढा. आयडी बदलला असेल तर दोन्ही फोटो तक्रारीला जोडा. दोन्ही आकडे जसेच्या तसे निघाले, तर इंजिनाचं कॅलिब्रेशन बदललेलंच नाही, आणि शोध ब्रेक स्विच, थ्रॉटल बॉडी आणि गिअरबॉक्सपासून सुरू करायचा.