पावसाळी भाजीची रोपं घरात तयार करताना

मुळशीत, पौडजवळ आमची घरची दहा गुंठे जमीन आहे. वांगी, मिरची, टोमॅटो तिथलेच खातो. रोपं मात्र मी पुण्यात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये करते. मुळशीचा पाऊस एकदा लागला की उघड्या गादीवाफ्यातला, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यातला कोवळा तरवा (लहान रोपं) झोडपून निघतो, आणि त्याआधी पेरावं तर मेच्या उन्हात वाफा दिवसातून चार वेळा सुकतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागवड, असं धरून मागे मोजा. मिरचीच्या रोपाला साधारण 40 दिवस, वांग्याला 30 ते 35, टोमॅटोला 25 ते 30. म्हणजे मिरची रोहिणी नक्षत्र लागताना (25 मेच्या सुमारास), वांगी मेअखेर, टोमॅटो जूनच्या पहिल्या आठवड्यात. तिन्ही एकदम पेरू नका, टोमॅटो पुढे पळतो आणि प्रो-ट्रेमध्येच (रोपांसाठीच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये) मुळं गुंततात. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांची रोपं करायची नाहीत, ते थेट जागेवर पेरायचं.

वांग्यात माझं मत ठाम आहे: मांजरी गोटा. पुण्याजवळच्या मांजरीचं वाण, जांभळ्या अंगावर पांढरे पट्टे, भरल्या वांग्याला यासारखं दुसरं नाही. पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नका, पेरल्यावर हात साबणानं धुवा.

बागेतली माती ट्रेमध्ये भरू नका, तिच्यातून मर रोगाची, कोवळं रोप आडवं पाडणारी बुरशी येते. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवून फुलवा, एकदोनदा पाणी बदलून पिळून काढा म्हणजे खारटपणा निघून जातो. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. शेतात ज्याला वाफसा म्हणतो तोच ओलावा इथे हवा. प्रो-ट्रेच्या खणात अर्धा सेंटिमीटर खोल एकेक बी टाका, वर ओलं वर्तमानपत्र झाका. टोमॅटो पाच-सात दिवसांत वर येतो, वांगं आठवड्याभरात, मिरची कधी कधी दोन आठवडे घेते. तिला उकरून बघू नका. पहिला कोंब दिसला की कागद त्याच दिवशी काढा.

खरी गोष्ट इथून पुढे आहे, ती म्हणजे उजेड. रोपांना दक्षिणेची खिडकी द्या, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो सल्ला पुण्यात जूनमध्ये चालत नाही. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन आत येतच नाही. पूर्वेची खिडकी घ्या, सकाळचं ऊन रोपांना सोसतंही. त्यात जूनचं आभाळ भरलेलं, म्हणून मी वर साधी पांढरी एलईडी ट्यूब टांगते. शेंड्यापासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर, रोज 14 ते 16 तास. रोपं वाढतील तशी ट्यूब वर घ्यायची. उजेड कमी पडला तर रोप लांबलचक, फिकट होतं आणि खिडकीकडे मान टाकतं. मग खत घालून ते सुधारत नाही.

पाणी वरून झारीनं नको. ट्रे परातीतल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, वरचा थर ओला दिसला की निथळत ठेवा. परत पाणी द्यायचं ते वर सुकल्यावरच. रोज जमिनीलगत देठ बघा. पानं हिरवीगार असताना देठ तिथे भिजल्यासारखा, दोऱ्याएवढा बारीक होऊन रोप आडवं झालं, तर ती मर. ते रोप वाचत नाही. त्या खणातलं मिश्रणही काढून टाका, पाणी थांबवा, छोटा पंखा मंद लावा. मी भरतानाच मिश्रणात ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोखणारी उपयोगी बुरशी मिसळते. आमच्याकडे दमट हवेत त्यानं बराच फरक पडतो.

लागवडीच्या आधी आठवडाभर ट्रे गॅलरीत न्या, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत जा. पाणी थोडं ताणून द्या, देठ कणखर होतो. पावसाची सर मात्र थेट पडू देऊ नका.

लावताना संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस धरा. टोमॅटोचं रोप खालची पानं खुडून खोल लावलं तर देठालाही मुळं फुटतात. मिरची आणि वांगं ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल लावा, आणि मुळशीसारख्या पावसात सरीत (चरात) नव्हे, वरंब्यावर (दोन सऱ्यांमधल्या उंचवट्यावर).